पितृपक्षातली सवलत

मुलाची बदली चंडीगढला झाली त्याच्या आदल्या वर्षी माझी पत्नी गेली. साताऱ्याचे घर बंद करून मी मुलाकडे राहावयास आलो. तो हवाई दलात असल्याने दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलते. मोठ्यांना त्याची सवय होते. माझी नात तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला ती सवय झाली नव्हती, आणि नव्या शाळेत पाच महिने होऊनही तिच्या तोंडी कोणाचे नाव नव्हते.

तिला एकच मैत्रीण उरली होती, आधीच्या बदलीच्या गावची, जोधपूरची. दोघी रोज सायंकाळी लॅपटॉपवरच्या एका खेळात भेटत. त्या खेळातल्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी दोन वर्षे खपून एक गाव वसवले होते. त्यात विहीर होती, धान्याचे कोठार होते, भोवती तट होता. संध्या आटोपून मी नातीच्या खोलीत जपाला बसत असे. जपात लक्ष कमी आणि त्यांच्या बोलण्याकडे अधिक, हे कबूल केले पाहिजे.

"तेरी दीवार टेढ़ी है," नात म्हणे.

"टेढ़ी तू है. चुपचाप लकड़ी ला," पलीकडून उत्तर येई, आणि माझी नात हसे. दिवसातून तेवढीच एकदा.

भाद्रपदात त्या खेळाला एक नवे बेट जोडले गेले. ते निराळे विकत घ्यावयाचे होते. मुलगा संतापला. "आधी मूळ खेळ घेतला. मग बोटीचे पैसे, मग पूल ओलांडायचे पैसे. अर्धवट वस्तू विकतात आणि उरलेली तुकड्यातुकड्याने. मी आता एक रुपया देणार नाही." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. म्हणून नात माझ्याकडे आली.

"आजोबा, बर्थडेचं गिफ्ट आत्ताच द्याल? पक्का, नंतर काही मागणार नाही."

तिने सर्व नीट समजावून सांगितले. खेळ करणाऱ्यांनी दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानाशी करार केला होता. अमावस्येपर्यंत जुन्या दुकानात बेट निम्म्या किमतीत मिळणार होते. त्यानंतर तिथे काहीही विकले जाणार नव्हते. ज्यांनी घेतले त्यांचे राहील; इतरांना बेट हवे असल्यास त्यांनी नव्या दुकानात मूळ खेळापासून सारे पुन्हा विकत घ्यावे, आणि जुने गाव तिकडे नेता येणार नाही. मैत्रिणीने त्याच दिवशी बेट घेतले होते.

तो कृष्णपक्षातील तृतीयेचा दिवस होता. मी म्हणालो, "पक्ष चालू आहे, बाळ. नवमीला आजीचे श्राद्ध आहे. या दिवसांत घरात नवी वस्तू येत नाही. घट बसले की त्याच दिवशी घेऊ."

"पण वस्तू कुठे आहे, आजोबा? घरात काहीच येणार नाही. डाउनलोड होतं ते."

"पैसे जातात ना? मग वस्तू आलीच."

"अमावस्येला संपतंय!"

"दुकानदार असेच म्हणतात. दुकान काय पळून जाते?"

"पळूनच जाणार आहे! तेच तर सांगतेय मघापासून."

मी हसलो. साताऱ्याच्या पेठेत 'शेवटचे दोन दिवस' अशी पाटी मी एकाच दुकानावर कित्येक वर्षे पाहिली होती. मुलाने वर्तमानपत्रातून मान वर काढली. "आजोबा थांब म्हणतात ना? थांब मग." नातीने वाद घातला नाही. नवमीला तिने आजीच्या तसबिरीसाठी हार स्वतः ओवला.

प्रतिपदेला घटस्थापना झाली. आरती होताच तिने लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला. बेटाच्या चित्राखाली किमतीच्या जागी लिहिले होते की ही वस्तू आता येथे उपलब्ध नाही. नव्या दुकानात मूळ खेळ, बोट, पूल आणि बेट अशा चार किमती होत्या, चारही पूर्ण. मी म्हणालो, "सर्व देतो."

"पैशांचं नाहीये, आजोबा. आमचं गाव तिकडे येत नाही."

जी वस्तू जगात आहे ती कोठल्या तरी फळीवर असलीच पाहिजे, या समजुतीने मी तिला घेऊन सेक्टरच्या बाजारात गेलो. खेळांच्या दुकानातल्या सरदारजींनी आदराने खुर्ची दिली आणि एक चकचकीत डबा हाती ठेवला. मला हायसे वाटले. ते म्हणाले, "बाबाजी, डिब्बा खाली है. अंदर पर्ची है, पर्ची पे नंबर. खेल तो उन्हीं के नए स्टोर से आएगा."

संस्कृत पाठशाळेत आम्ही शिकलो होतो की विक्रय झाला म्हणजे विकणाऱ्याचे स्वत्व, म्हणजे मालकी, संपते आणि घेणाऱ्याचे उत्पन्न होते. येथे द्रव्य देऊनही स्वत्व विकणाऱ्यापाशीच राहत होते. दार कोणते, ते कधी लावावयाचे, हे तोच ठरवणार. घरी येताना नातीला हे मी सांगितले. ती म्हणाली, "हो ना. सगळे तेच तर शिव्या देतात." आणि रिक्षाबाहेर पाहत राहिली.

मैत्रीण काही दिवस बेटावरून जुन्या किनाऱ्यावर येत राहिली. मग एक दिवसाआड, मग रविवारी. बेटावर चौघींचा गट लागत असे. नातीच्या जागी तिथे कोणी चौथी मुलगी आली. नात एकटीच गावात जाई. मी मागे बसून पाहत असे. ती विहिरीभोवती फिरे, तटाचा एखादा दगड काढून पुन्हा लावी आणि बंद करी. पुढे तेही थांबले.

मार्गशीर्षात, धुके पडू लागले तेव्हा, मैत्रिणीचा वाढदिवस आला. नातीने फोन लावला. मी तिथेच होतो.

"और बता."

"बस. तू बता."

"बस, वही."

पलीकडे कोणीतरी हाक मारली. "चल, बाद में," असे म्हणून फोन संपला. त्या दोघी कधी नुसत्या बोलल्याच नव्हत्या, हे मला तेव्हा उमगले. हात कामात असले की त्यांचे बोलणे होई.

त्या सायंकाळी माझा जप झाला नाही. जे मी तीन महिने मनात धरून होतो ते तिला सांगितले. पितृपक्षात खरेदी करू नये असे शास्त्रात कोठेही माझ्या वाचनात नाही. हा लोकाचार आहे, आणि तृतीयेला तिला नाही म्हणताना मला ते ठाऊक होते.

तिने मान वळवली. "मग 'नाही' का म्हणालात?"

"तुझी आजी हे पाळत असे. तिच्या पक्षात घर तिच्या रीतीने राहावे, असे मला वाटले."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आले नाही.

"आजीने घेऊन दिलं असतं," ती म्हणाली.

हे खरे होते. मी माळ गोमुखीत ठेवली आणि उठून माझ्या खोलीत गेलो.