तासाला तीस मिली

कडूबाईंची नाडी एकशेवीस, जीभ कोरडीठाक, आणि पलंगाला अडकवलेल्या कागदावर लघवी मात्र झकास! संध्याकाळी पाचच्या राउंडला मी कागद बघितला, बाईंकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. काहीतरी चुकत होतं.

साठीच्या कडूबाई सोयगावच्या. आतडं फुटलं म्हणून दोन दिवसांपूर्वी मीच त्यांचं पोट उघडून हातभर आतडं काढलं होतं. अशा मोठ्या ऑपरेशननंतर अंगातलं पाणी सुजलेल्या पोटात झिरपतं, रक्तदाब उतरतो आणि किडनी उपाशी राहते. तिची खबर आधी लघवीवरून कळते. म्हणून नळी घालून ती दर तासाला मोजायची. आमच्या वॉर्डात पंचवीस पेशंटमागे दोन सिस्टर, त्यामुळे मोजायचं काम नातेवाइकाच्या गळ्यात पडतं. इथं मुलगा होता, संतोष. चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. सकाळी मी त्याला बजावलं होतं, "तासाला तीस मिली आलीच पाहिजे. नाहीतर डायलिसिस."

कागदावर तीस, पस्तीस, तीस, तीस, पस्तीस. सिस्टरनी तेच आकडे केसपेपरवर उतरवले होते. मी वाकून लघवीची पिशवी उचलली. तळाला दोन चमचे, कोऱ्या चहाच्या रंगाची.

"संतोष, शेवटची कधी ओतली?"

"चारला, मॅडम."

"किती होती?"

त्यानं कागदावरच्या आकड्यांवर हात ठेवला.

"आईच्या जिवाचं विचारतेय मी!" माझा आवाज चढला. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"दहाबी नव्हती, मॅडम. सकाळपासून अशीच हाय." तो रडायलाच लागला. "आमच्या चुलत्याला मशीन लावलं तं ते परत घरी आलेच नाय. म्हणलं, येईल थोड्या येळानं, तवर तीस लिहू."

एक थोबाडीत द्यावी असं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तेवढाही वेळ नव्हता. बाईंना आयसीयूत हलवलं, सलाईन वाढवलं, किडनीला जड जाणारं दुखण्याचं इंजेक्शन बंद केलं. रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, काल एक होतं, आता अडीच. पोटॅशियमही चढलेलं. ते फार चढलं की हृदयच बंद पडतं.

किडनीचे डॉक्टर आले. चार तास वाट पाहिली. लघवी नाही, पोटॅशियम आणखी वर.

"सकाळीच कळलं असतं तर कदाचित सलाईनवर निभावलं असतं," ते म्हणाले. "आता डायलिसिस."

संमतीच्या फॉर्मवर संतोषची सही अर्ध्यात अडली. मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तीन वेळा डायलिसिस झालं. सहाव्या दिवशी लघवी सुरू झाली, दोन आठवड्यांनी बाई घरी निघाल्या. किडनी शाबूत.

"पोरगं लई भ्यालं व्हतं, मॅडम," कडूबाई म्हणाल्या. "राग धरू नका."

राग होताच. पण निम्मा माझ्यावर होता. काम सांगताना मी त्याला उत्तर सांगून टाकलं होतं, आणि ते चुकलं तर शिक्षा काय तेही. हल्ली मी नातेवाइकाच्या हातात नुसतं मोजायचं भांडं देते आणि म्हणते, "जेवढी येईल तेवढी लिहा." किती यायला हवी, ते माझ्यापाशीच ठेवते.