मुद्देमालात गेलेली पेटी

ती घटना अजून मनातून जात नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण पोलिसाच्या नोकरीत हात बसला तो पंचनाम्यांवर. सांगण्यात काही कमीजास्त झालं तर समजून घ्यावं. नावं मुद्दाम देत नाही.

चौलच्या बाजूच्या एका गावात नारळ पाडणारा तरुण वाडीत बेशुद्ध सापडला. सगळ्यांना वाटलं, झाडावरून पडला. बाजारातला केमिस्ट धावत आला. त्याने पापण्या उघडून डोळे पाहिले, श्वास पाहिला आणि म्हणाला, "पडलेला नाही. दुखण्याच्या कडक गोळ्या जास्त झाल्यात. कुशीवर वळवा, गाडी काढा." तो स्वतः अलिबागपर्यंत सोबत गेला, डॉक्टरांना तेच सांगितलं. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी आमच्या ठाण्यात निनावी फोन आला. "तो केमिस्ट लोकांच्या उरलेल्या गोळ्या गोळा करतो न् परत विकतो. न्हायतर बघताक्षणी त्याला कळलं कसं?"

खबर अगदीच टाकून देण्यासारखी नव्हती. वरिष्ठांच्या आदेशाने, औषध निरीक्षकांना बरोबर घेऊन आम्ही झडती घेतली. काउंटरवर कुलूप लावलेली पत्र्याची पेटी होती. वर लिहिलं होतं, 'घरात उरलेली औषधे इथे टाका.' आत खरोखरच गोळ्या निघाल्या. दुकानासमोर गर्दी जमली. आमचा हवालदार म्हणाला, "शेठ, विकलेला माल परत घेणारा दुकानदार पयल्यांदाच बघतोय!" लोक हसले. पंच बोलावले, पेटीला लाखेचं सील लागलं आणि ती जीपमध्ये गेली. केमिस्टही गेला.

ठाण्यात मी विचारलं, "कशाला गोळा करता?"

"घरात पडून राहिल्या की कुणीतरी खातं. मी नष्ट करायला पाठवतो."

"या पोराला ओळखता?"

"हो. चिठ्ठीशिवाय त्याच गोळ्या मागायला यायचा. दिल्या नाहीत. त्याच्या बायकोला बोलावून सांगितलं, याला सवय लागलीय, सिव्हिलला न्या, दम देऊन सुटणारी गोष्ट नाही ही. साहेब, मीच विकल्या असत्या, तर डॉक्टरांना सांगायला गाडीत बसलो असतो का?"

उत्तर सरळ होतं. पण सरळ उत्तरं देणारे आम्ही पुष्कळ पाहिलेले असतात. त्याला बसवून ठेवलं.

तपास फिरला तो तरुणाच्या खिशातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरून. औषध निरीक्षकांनी बॅच नंबर तपासला. तो माल आमच्या भागातल्या दुकानांत आलाच नव्हता; मुंबईच्या एका रुग्णालयात गेला होता. गावातून तिथे उपचाराला कोण जात होतं? तरुणाच्या शेजारचे एक गृहस्थ. कॅन्सरने वारले होते. त्यांच्या पत्नीने काहीच लपवलं नाही.

"व्हय, मीच दिल्या. मागं झाडावरनं पडला तवापासून कंबर धरलेली त्याची, कण्हत पडायचा. आमच्या ह्यांना त्याच गोळ्यांनी आराम पडायचा."

"दुकानातल्या पेटीत का नाही टाकल्या, मावशी?"

"मेलेल्या मानसाचं औषध दुकानात कसं न्यायचं? आनि इथं जित्या मानसाला उपयोग व्हत व्हता."

तिने जीव घ्यायला नव्हत्या दिल्या. ती रडायला लागली, तेव्हा आमची महिला शिपाईच तिच्याजवळ जाऊन बसली.

केमिस्ट निर्दोष ठरला. पण बाजारात निर्दोषपणाचा पंचनामा कुणी करत नाही. लोकांनी जीप पाहिली होती. फोन कुणी केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेटी मुद्देमाल खोलीत पडून राहिली. कोर्टात अर्ज करून सोडवून न्या, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पण आला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तोच तरुण वाडीत पुन्हा पडलेला सापडला. गोळ्या या वेळी दुसऱ्याच घरातल्या होत्या. केमिस्टचं दुकान हाकेवर होतं, पण कुणी हाक मारली नाही. भानगड नको म्हणून लोकांनी आधी ठाण्यात कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा त्याचं अंग थंड पडलं होतं.

नंतर मी त्या दुकानात गेलो. पेटीच्या जागी खोकल्याच्या गोळ्यांची बरणी होती.

"ती पेटी परत ठेवा," मी म्हणालो. "अर्जाचं मी बघतो, स्वतः आणून देतो."

त्याने गिऱ्हाइकाची पुडी बांधली, हिशेब केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मी आता फक्त विकतो."

गोळ्या विकणाऱ्याला कसं पकडायचं, ते आम्हाला शिकवलं होतं. त्या द्यायला नकार देणाऱ्याला कसं जपायचं, ते शिकवलं नव्हतं. आमचा तपास बरोबर झाला होता, कागद नीट बंद झाले होते. गावात माणसाकडे बघून औषध देणारं एक दुकान तेवढं बंद पडलं होतं, आणि शटर रोज उघडत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.