नोंदबाईंची सहा यंत्रे

कागद कारखान्याच्या संगणक कक्षात त्यांनी एकोणतीस वर्षे काढली, आणि एवढ्या काळात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस विरळाच. सगळे त्यांना नोंदबाई म्हणत. वीज कितीला गेली, कितीला आली, टेप कोणी नेली आणि कोणते तोंड करून परत आणली, हे सारे त्यांच्या वहीत असे. चुकलेली नोंद त्या खोडत नसत. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत, आणि शेजारी कारण लिहायचे. नव्याने रुजू झालेल्या एका अधिकाऱ्याने टेबलावर व्हाइटनरची बाटली ठेवली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साहेब, हे नखांना लावा. वहीला नको."

कक्ष बंद झाला तेव्हा भंगारात निघालेले सहा संगणक त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतले. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या नवऱ्याची मागची खोली त्यासाठी रिकामी झाली आणि त्याचा चित्रफलक गॅलरीत गेला. "तीस वर्षांच्या संसारात सवत आली नाही," तो शेजाऱ्यांना सांगे, "आली ती एकदम सहा."

यंत्रे नुसती सुरू करून त्यांना भागायचे नव्हते. काही गणिते इतकी मोठी असतात, की ती एका संगणकाच्या आयुष्यात संपत नाहीत. म्हणून त्यांचे तुकडे करून जगभरच्या हौशी लोकांत वाटतात. ज्याने त्याने आपल्या संगणकाकडून तुकडा सोडवून घ्यायचा आणि उत्तर परत पाठवायचे. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारा असा एक प्रकल्प होता. कक्ष चालू असताना जेवणाच्या सुट्टीत याच सहा यंत्रांनी त्याचे बावीस तुकडे सोडवले होते. पुढे प्रकल्पाने आपली पद्धत बदलली आणि जुन्या यंत्रांची भाषा तिकडे कोणाला कळेनाशी झाली. नोंदबाईंना ते बंद पडलेले काम पुन्हा चालू करायचे होते.

ते धाकट्या दिराने केले. तो नेटवर्कची कामे घेणारा माणूस. त्याने एक नवा, भक्कम संगणक आणून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. "वहिनी, हा दुभाषी समजा. तिकडून तुकडा घेईल, तुमच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगेल, उत्तर आलं की परत पाठवेल." एक तुकडा सोडवायला त्या सहा यंत्रांना मिळून आठ ते नऊ दिवस लागत, आणि प्रकल्पाची मुदत सात दिवसांची होती. त्यांनी हे विचारले तेव्हा तो म्हणाला, "मी पत्र टाकलंय त्यांना. जुन्या यंत्रांना पंधरा दिवसांची सवलत दिलीय." एरवी त्यांनी ते पत्र मागून घेऊन वहीत डकवले असते. दिराकडे मागितले नाही. 'सवलत मिळाली, भाऊजींकडून समजले,' एवढेच लिहिले.

पावणेचार वर्षे यंत्रे चालली. त्यांनी फुगलेले कपॅसिटर बदलले, पंख्यांना तेल दिले, उन्हाळ्यात दुपारी ओल्या चादरी टांगल्या. प्रत्येक उत्तर म्हणजे अक्षरे-आकड्यांची लांब ओळ; तिची शेवटची आठ अक्षरे वहीत उतरवली. प्रकल्पाच्या यादीत त्यांच्या नावापुढचा आकडा शून्यापासून एकशे त्रेसष्टपर्यंत चढला. जुनी यंत्रे जपणाऱ्यांच्या मंडळाने वार्षिक अंकासाठी त्यांचे निवेदन मागवले, आणि त्यांनी ते सही करून पाठवले: 'हे सर्व निकाल माझ्या डोळ्यांदेखत याच सहा यंत्रांनी काढले आहेत.' अंक गुरुवारी छापायला जाणार होता.

सोमवारी चौथ्या यंत्राच्या मेमरीत दोष सापडला. म्हणजे सहांनी मिळून काढलेले शेवटचे उत्तर चुकीचे असण्याचा संभव होता, आणि ते तर प्रकल्पाकडे जाऊन बसले होते. चूक आपण होऊन कळवावी, म्हणून त्यांनी दिराकडून परवलीचा शब्द मागून घेतला आणि आपल्या खात्यातला तो निकाल प्रथमच उघडून पाहिला. आजवर त्यांनी फक्त आकडा पाहिला होता.

निकाल बरोबर ठरला होता. मात्र शेवटची आठ अक्षरे वहीतली नव्हती. तपासायला दिलेली संख्याही वेगळीच होती. लागलेला वेळ: बावीस मिनिटे.

त्यांनी आधीचा निकाल उघडला. एकवीस मिनिटे. त्याआधीचा, चोवीस. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकशे त्रेसष्टही उघडले. एकही वहीशी जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला, तो नेहमीप्रमाणे दारातूनच बोलत. "काय वहिनी, म्हातारे काय म्हणतात?"

"बसा, भाऊजी. म्हातारे बावीस मिनिटांत तुकडा सोडवतायत."

"अरे वा," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या संगणकाकडे पाहू लागला.

"माझ्या यंत्रांना काय देत होतात?"

"सुटलेल्याच संख्या," तो म्हणाला. "वीस वर्षांपूर्वीची यादी होती. उत्तरं येत, ती पुसली जात. खरे तुकडे हा कोपऱ्यातला सोडवायचा."

"आणि सवलत?"

"मी लिहिलं होतं, आईशप्पथ. ते म्हणाले, मुदत म्हणजे मुदत, नंतरचं उत्तर म्हणजे वरातीमागून घोडे. वहिनी, तुम्ही वायरी सोलून बसला होतात. तुमचं तोंड बघून नाही सांगवलं. म्हटलं, महिनाभर चालवू, तोवर काहीतरी सुचेल."

"महिना पावणेचार वर्षांचा झाला."

"तुम्ही खूश होतात."

"खूश मूर्खसुद्धा असतो, भाऊजी. मी पंख्यांना तेल घालत होते तेव्हा तुम्ही इथेच या खुर्चीत बसून मला कपॅसिटर हातात देत होतात."

नवरा दारात उभा होता. भांडण मिटवायच्या सुरात तो म्हणाला, "अगं, त्याचा हेतू वाईट नव्हता. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं की…" आणि थांबला.

त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. "तेव्हाच म्हणजे कधी हो?"

तो चष्मा पुसू लागला. दिराने जमिनीकडे पाहिले. खोलीत सहाही यंत्रांचे पंखे चालू होते. ज्यांची उत्तरे सगळ्यांना ठाऊक होती, ती गणिते सोडवण्यात ती मनापासून गुंतली होती. ठाऊक नव्हते ते फक्त त्यांना आणि त्यांच्या मालकिणीला.

"पहिल्याच वर्षी," नवरा म्हणाला. "तू ओल्या चादरी लावायचीस ना, तेव्हा. वाटलं, हिचं मन रमलंय."

"पाण्याच्या बादल्या तुम्ही उचलून आणायचात."

"आणायचो."

कोपऱ्यातल्या नव्या संगणकाची वायर त्यांनी काढली, गुंडाळली आणि दिराच्या पिशवीत ठेवली. मग टेबलाशी बसून मंडळाला पत्र लिहिले. माझे निवेदन छापू नये; ते खोटे आहे. एकशे त्रेसष्टपैकी एकही निकाल या यंत्रांचा नाही. मी तपासले नाही. प्रकल्पालाही कळवले, की हे निकाल माझ्या नावावरून काढावेत. दोन्ही पत्रे पाठवण्याआधी त्यांनी ती दोघांना मोठ्याने वाचून दाखवली.

दिराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "वहिनी, माझं नाव घातलं नाहीत. तुमचं मन मोठं."

"मोठं नाही. तुमचं नाव घातलं, तर चार लोक तुम्हाला बोलतील आणि फिट्टंफाट होईल. ती मला करायची नाही."

"मग मी येऊ ना अधूनमधून? खरा दुभाषी बनवतो. लहान तुकडे देणारा दुसरा प्रकल्प शोधतो, मुदत नसलेला."

"शोधा. सापडला तर पत्ता कागदावर लिहून दारातून आत सरकवा. पुढचं मी शिकेन."

"तुम्हाला वर्ष लागेल, वहिनी."

"लागू दे."

तो पिशवी उचलून गेला. नवऱ्याने विचारले, यंत्रे बंद करायची का. त्यांनी नकार दिला. हातातल्या संख्या संपल्या, की ती आपोआप थांबतील. तो आत यायला लागला, तसे त्यांनी तिथूनच सांगितले, की खोलीत जागा नाही. आणि दुसऱ्या यंत्राचे झाकण उघडून त्या त्यातल्या नेटवर्क कार्डावरचा क्रमांक भिंगातून वाचू लागल्या.