दादाचे दोन पासपोर्ट फोटो

रविवार कसा गेला, असं आज कुणी विचारू नका. सकाळपासून डोकं फिरलंय.

माझा थोरला भाऊ हरसूलहून आला होता. भाताची लावणी आटोपली की आमच्याकडची माणसं कामाला गुजरातेत जातात. दादा यंदा पहिल्यांदाच मासेमारीच्या बोटीवर चाललाय, आठ महिन्यांसाठी. इथल्या द्वारका चौकात त्याच्यासाठी बॅग, चादर, टॉर्च घेतली. ओहोळात मासे धरायचा बांबूचा सापळा तो घरूनच घेऊन आला होता.

"दादा, बोटीवर याचं काय काम?"

"असू दे रे. आपलं ते आपलं."

तेवढ्यात त्याला बोटीवर नेणाऱ्या मुकादमाचा मला फोन आला. दोन पासपोर्ट फोटो हवेत, एक बोटीवर, एक घरी ठेवायला. घरी कशाला, मी विचारलं.

"मास्तर, बोट कधी कधी पलीकडच्या हद्दीत जाते. तिकडच्यांनी धरलं तर घरच्यांना अर्जाला फोटो लागतो."

छत्री घेऊन ये असं सांगावं, इतक्या सहज बोलला.

स्टुडिओत दादा केस विंचरून हसत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आपल्याकडं गुजरातच्या हद्दीवर दगड हाय. समुद्रात कसं कळतं रे?"

मी शाळेत भूगोल शिकवतो.

काल याच ऑनलाइन कम्युनिटीत तळलेल्या सुरमईच्या फोटोवर आपण सगळे तुटून पडलो होतो. मीसुद्धा.

उद्या सातवीच्या वर्गात भारताचा नकाशा काढायचाय. समुद्रातली ती रेघ खडूने कुठे ओढू, सांगेल का कुणी?