बाकीची दोन उत्तरं कुठं गेली?

लग्न होऊन मी रिठदला आले तेव्हा माझी नणंद अकरावीत होती. एसटीनं रिसोडला कॉलेजात जायची आणि घरी आली की थेट आपल्या खोलीत. माझ्याशी बोलणं जेवणापुरतं.

एका रविवारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ती शेजारीच एका गणितावर चिडत बसली होती. घन बहुपदी होती: x चा घन, वजा x चा वर्ग, अधिक x, वजा एक. तिची किंमत कुठंकुठं शून्य होते ते काढायचं होतं.

"एक टाकला तं शून्य येते," ती पुटपुटली. "बाकीचे दोन सापडूनच नाही राह्यले."

"नसतील," मी म्हणाले.

"घात तीन हाय, वहिनी. मंग उत्तरं तीन पाह्यजेत ना?"

मी गणित घेऊन बी.एस्सी. केलंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मी सूप बाजूला ठेवलं, रांगोळी आणली आणि अंगणात ठिपके मांडून एक आडवी, एक उभी रेघ ओढली. ती एकेक आकडा टाकत गेली. उणे एकला उणे चार, शून्याला उणे एक, एकला शून्य, दोनला पाच. ठिपके जोडले, तर रेघ खालून चढत आली आणि आडवीला एकदाच छेदून वर निघून गेली.

"अन् पुढं कुठं वळून खाली आली तं?"

"x वजा एक बाहेर काढ. काय उरतं?"

"x वर्ग अधिक एक." ती थांबली. "वर्ग तं कधी उणा येत नाही. मंग हे शून्य होईनच कसं?" आणि ती खुदकन हसली. "मी सकाळपासून काहून शोधून राह्यली होती?"

"उरलेली दोन आहेत, पण वास्तव संख्यांत नाहीत. ती पुढं शिकशील."

तेवढ्यात सासूबाई शेतातून आल्या. "हे कोन्ती रांगोळी व्हय वं?"

"गणित व्हय, आई. पाय नको देऊ."

त्यांनी नीट पाहिलं. "अशी सरळ वरच गेली. जरा वळनाची काढा."

नणंदेनं लगेच x घन वजा चार x घेतलं. ही रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा चढली. आडवीला तीनदा छेदून गेली. सासूबाईंना ती पसंत पडली. त्यांनी वळणांत चिमूटचिमूट हळदकुंकू भरलं.

त्या रात्री नणंदेनं आपलं ताट माझ्या शेजारी मांडलं आणि जेवण संपेपर्यंत कॉलेजातल्या गमती सांगत बसली.