निवडणीवाल्यांची निवडणूक

जिंतूरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी होत्या आणि डोक्यात राग होता. माझी थोरली बहीण भागूआक्का वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात कांदे निवडते. शेजारच्यांच्या फोनवर ती म्हणाली होती, "शांते, आम्ही निवडणीवाल्या धरण्यावर बसलोत. तू येऊ नको." येऊ नको म्हटल्यावर मी थांबते होय! शिवणक्लासला कुलूप लावलं आणि निघाले.

पनवेल मागं पडलं आणि खाडी दिसू लागली. दोन्हीकडं तिवरं (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं), त्यांच्यामागं चकाचक नव्या इमारती. आमच्याकडं एवढं पाणी दिसलं तर माणसं नारळ फोडतील. इथं पाणीच पाणी, आणि त्यातला घोटभर पिता येत नाही म्हणे. शेजारच्या प्रवाशानं हे सांगितलं तेव्हा मला उगाच खाडीची कीव आली.

वाशीला उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, "निवडणीवाल्या बायका धरण्यावर बसल्यात, तिथं न्या."

"निवडणूक ना? बसा ताई, टेन्शन नका घेऊ."

पठ्ठ्यानं मला थेट निवडणूक कार्यालयासमोर आणून उभं केलं. मी भडकले. "अहो, कांदे निवडणाऱ्या म्हणाले मी! कांदे! मतं नव्हेत!"

त्यानं नुसतं बोट दाखवलं. कार्यालयाच्या पायऱ्यांलगत पंधरा-वीस बायका पोती अंथरून बसल्या होत्या. मधोमध कांद्यांचा ढीग, आणि साऱ्याजणी मान खाली घालून निवडत होत्या. मोठा एकीकडं, गोल्टी (बारीक कांदा) दुसरीकडं, सडका तिसरीकडं. रिक्षावाल्याला सॉरी म्हणणं काही मला जमलं नाही. भाडं मात्र मुकाट दिलं.

"आलीसच का?" आक्का म्हणाली, आणि सरकून मला जागा केली.

भानगड अशी होती. या बाया मार्केटमागच्या झोपड्यांत वर्षानुवर्षं राहतात. मजुरी वाढवा म्हणून गेल्या, तर आडत्या (कांद्याचा दलाल) म्हणाला, "तुम्ही उपरे. मतदारयादीत तुमचं नाव तरी आहे का इथं?" मग नाव घालायला या कार्यालयात आल्या, तर इथले साहेब म्हणाले, घराला नंबर नाही, नाव कसं घालू? अर्ज घ्यायची मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती. म्हणून कांदे घेऊन साहेबांच्याच दारात बसल्या. निवडून झाले की ढीग पुन्हा एकत्र करायचा आणि पुन्हा निवडायला लागायचं.

"इथं काय चाललंय?" येणारा-जाणारा विचारायचा.

"निवडणूक," आक्का उत्तर द्यायची, मान वर न करता.

बंदोबस्ताला एकच हवालदार होते, ते बिचारे कंटाळले होते. "घोषणा नाही, रस्ता अडवला नाही, टरफलंसुद्धा झाडून नेतात या," ते माझ्याकडं तक्रार करू लागले. "मी रिपोर्टात लिहू काय?"

दुपारी जवळच्या सारसोळे गावची एक कोळीण पाटी घेऊन आली. तांदळाच्या भाकरी आणि जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी). "खा गो बाय," ती मला म्हणाली. "या शहरापायी आमची शेतं गेली तवा आमीबी असंच बसलेलो. बसनाऱ्याला भूक लय लागते." मी मोठा घास घेतला, आणि आई गं! खारट-तिखटानं डोळ्यांतून धारा लागल्या. बाया पोट धरून हसल्या. कांद्यांच्या ढिगाशी बसून रडली नाही ती जवळ्यानं रडली, असं माझं नाव झालं. मी माझ्या ज्वारीच्या भाकरी काढल्या आणि वाटल्या.

उन्हं कलायला लागली तेव्हा आडत्याचा एक माणूस मोटारसायकलवरून आला. आल्या आल्या त्यानं ढिगाला लाथ घातली. कांदे घरंगळत रस्त्यावर गेले. माझं टाळकंच सटकलं. हाताला लागला तो कांदा उचलला आणि नेम धरला.

आक्कानं माझं मनगट पकडलं. "खाली ठेव, शांते. तो मोठ्यात जातो."

सगळ्या बाया उठल्या. एकीनंही शिवी दिली नाही. चाकांखालून, गटाराच्या कडेवरून एकेक कांदा वेचला, येऊन बसल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या. हवालदारांनी दोन कांदे स्वतः उचलून आणून दिले, तेही बरोबर गोल्टीच्या वाट्यात ठेवले. मोटारसायकलवाल्यानं गाडी वळवली. मग गेला बापडा. मी हातातला कांदा मोठ्यांत ठेवला. माझ्या बहिणीचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

साहेब खिडकीतून बघत होते. ते खाली आले. "बाई, नंबरच नाही, मी तरी काय करू?"

"आम्ही रोज निवडतो साहेब, एक दिवस आम्हालाही निवडू द्या," आक्का म्हणाली. "दार आम्ही दाखवतो. नंबर तुम्ही टाका."

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं, मग कारकुनाला हाक मारली. "खडू घे, अर्जही घे. जागेवर जाऊन बघून ये."

आम्ही सगळ्या त्याच्या मागं निघालो. पत्र्याच्या दारांवर खडूचे आकडे उमटत गेले. आक्काच्या दाराशी त्यानं विचारलं, "आधी नाव कुठं होतं? तिथलं कमी करावं लागेल."

"जिंतूरला," आक्का म्हणाली आणि पदराला चिकटलेलं कांद्याचं टरफल काढू लागली. जन्म झाला ते गाव, सासर तिथंच, नवऱ्याला अग्नी दिला तोही तिथंच. मग ती म्हणाली, "शांते, गावी गेलीस की कमी करून टाक."

दुसऱ्या दिवशी बाया मजुरीचं बोलायला आडत्याकडं गेल्या, मीही गेले. त्यानं लगेच काही कबूल केलं नाही. पण "बसा" म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या गादीसमोर या बायांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्या बसल्या आणि बोलणं सुरू झालं. मला एसटी गाठायची होती.

जिंतूरला उतरले ती तशीच कचेरीत गेले, घरीसुद्धा गेले नाही. कारकुनानं अर्ज वाचला आणि पेनाचं टोपण काढलं.

"भागीरथीबाईंचं नाव कमी करायचं. मयत का?"

"मयत कशाला होईल? चांगली जित्ती हाय, धडधाकट!" मी एवढ्यानं ओरडले की दोघं-चौघं वळून बघू लागले.

"अहो, मग कारण काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "तिनं वाशी निवडली."