मंचावरचा रिकामा डबा

आमच्या तपासणी खात्यात तिला सगळे चाळणी म्हणायचे. व्हिडिओ गेममधली चूक तिच्या हातून निसटायची नाही. एकाच भिंतीवर दोनशे वेळा धडका देऊन बघायची, आणि पुढच्या धडकेला गेममधलं पात्र भिंतीत अडकलं की खुशीत ओरडायची, "सापडली बया!" चौदा वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती.

कंपनीचं नवं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, लोकांसमोर आणायची तारीख ठरली, तेव्हा मार्केटिंगचे साहेब स्वतः आमच्या खोलीत आले. म्हणाले, "नटनट्यांचा लोकांना वीट आलाय. मंचावर खरं खेळणारं माणूस हवं." त्यांनी चाळणीची निवड केली.

तीन महिने ती वरच्या मजल्यावर सराव करत होती. टेबलावर ते पांढरंशुभ्र कन्सोल, समोर भला मोठा पडदा. घरी गेली की ताईला फोन. आई गेल्यावर ताईनंच तिला वाढवलं होतं. "ताई, काय चित्र आहे गं! पाण्यात ढग हलताना दिसतात!"

"तू म्हणतेस ना चांगलं आहे? मग बास," असं म्हणून ताईनं मुलांसाठी कन्सोलचं आगाऊ बुकिंग करून टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिसऱ्या रांगेत होतो. चौथ्या मिनिटाला घामानं तिचा अंगठा घसरला आणि उडीचं बटण दाबायचं राहिलं. पडद्यावर गेममधली मुलगी दरीत पडायला हवी होती. ती अलगद उडी मारून पलीकडे गेली. चाळणीनं दोन्ही अंगठे उचलले. मुलगी धावतच राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. चाळणीचा चेहरा पडलेला मला दिसला, पण मला वाटलं, घाबरली असेल. उरलेली अकरा मिनिटं ती नुसती बोटं हलवत हसत राहिली.

मंचामागे तिनं कन्सोल उचललं. जेवणाच्या रिकाम्या डब्याइतकं हलकं.

"साहेब, यात काहीच नाही."

"यंत्र अजून तयार व्हायचंय. दाखवली ती तुझीच सरावात रेकॉर्ड केलेली खेळी होती."

"पण सराव मी याच्यावरच केला ना?"

"शेजारच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर होता. वायर भिंतीतून गेली होती."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुझा चेहरा एवढा खरा दिसला असता का? अगं, सगळेच असं करतात. मोहीम फत्ते झाली, घरी जा आता."

दुसऱ्या दिवशी टेबलावर येऊन ती मला म्हणाली, "जगाच्या चुका काढत बसले, आणि माझी वायर कुठे जाते ते नाही बघितलं." मग नेहमीसारखा चूक नोंदवायचा फॉर्म उघडून तिनं भरला: 'मंचावरचं यंत्र रिकामं होतं. अतिगंभीर.' दुपारपर्यंत वरून शेरा आला: 'ही चूक नाही. असंच ठरलं होतं. फॉर्म बंद.'

त्याच आठवड्यात चौकातल्या जाहिरातफलकावर तिचा हसरा चेहरा झळकला. खाली लिहिलं होतं, 'हे हात खोटं बोलत नाहीत.' जाहिरात उतरवा म्हणून ती साहेबांकडे गेली, तर सरावाआधी तिनं सही केलेला कागद तिच्यापुढे ठेवला गेला. दोन वर्षं चेहरा कंपनीचा. तिनं तिथल्या तिथे राजीनामा लिहिला.

ताईला फोन करून म्हणाली, "बुकिंग रद्द कर. ते सगळं नाटक होतं. मंचावर मी बटण दाबलं नाही तरी ती मुलगी उड्या मारत होती."

ताईनं कार्यक्रम टीव्हीवर बघितला होता. ती म्हणाली, "तुला तिथेच कळलं होतं ना? मग उभी राहून हसत कशाला होतीस?"

चाळणीनं फोन ठेवला.

कन्सोल सात महिने उशिरा आलं. चित्र मळकट, पाण्यात ढग कसले नि काय! लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली ती साहेबांना नाही, चौकातल्या त्या चेहऱ्याला. साहेबांना बढती मिळाली.

चाळणी आता लिफ्टच्या कारखान्यात बटणं तपासते. "दाबलं की दार उघडतं. नाही उघडलं तर नाही उघडत," ती म्हणते.

ताई तिच्याशी बोलते, जेवायलाही बोलावते. परवा ताईकडे फ्रिज घ्यायचा विषय निघाला. चाळणीनं एक चांगला फ्रिज सुचवला.

"बघू," ताई म्हणाली. "मी दुकानात जाऊन उघडून बघते आधी."